छोट्या शिडाच्या नौकेसाठी बदली पंख्याची निवड : एक परिचय

प्रस्तावना

इंदूरच्या राजवाड्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही महेश्वरच्या घाटावर नर्मदेतून प्रवासी नेणारी इंजिनाची नाव आणि मुंबईत गेट वे ऑफ इंडियासमोर नांगरलेली शिडाची यॉट यांच्या पाण्याखालच्या भागात एक वस्तू समान असते. ती म्हणजे प्रोपेलर. कोकणातील खलाशी त्याला सरळ 'पंखा' म्हणतात. इंजिन कितीही चांगले असले तरी त्याची शक्ती पाण्याला देण्याचे काम हा पंखाच करतो.

पंखा वाकला, पाते तुटले किंवा धातू झिजला, की नवा घ्यावा लागतो. अशा वेळी दोन चुकीच्या समजुती प्रचलित असल्याचे आढळते. पहिली, जुना होता तसाच आणावा. दुसरी, थोडा मोठा आणला तर जोर वाढेल. जुना पंखा मुळातच चुकीचा बसवलेला असू शकतो आणि मोठा पंखा इंजिनाचा जोर वाढवण्याऐवजी त्याला दाबून टाकतो. शिडाच्या नौकेबाबत आणखी एक अडचण आहे. तिचा पंखा इंजिन चालू असताना उपयोगी पडतो, पण शिडावर जाताना तोच पाण्यात अडथळा होतो.

कम्युनिटी कॉलेजमध्ये यांत्रिकी, मत्स्यव्यवसाय, नौकादुरुस्ती यांसारखे व्यवसाय अभ्यासक्रम किंवा गणित व विज्ञान शिकविणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडावी, अशा रीतीने या निवडीमागील तत्त्वे व पद्धती प्रस्तुत लेखात मांडण्यात आली आहे.

शीड आणि इंजिन : कोकणची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावर कोळी, गाबीत, भंडारी, खारवी आणि दालदी मुस्लिम मच्छीमारांनी पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्या व मचवे चालविले. पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून (१९५१-५६) देशात मासेमारी नौकांच्या यांत्रिकीकरणाला शासकीय साहाय्य मिळू लागले. सुरुवातीच्या काळात अनेक ठिकाणी शिडासाठी घडविलेल्या होड्यांतच इंजिन बसविण्यात आले. त्यामुळे शीड आणि पंखा एकाच होडीवर नांदू लागले. पुढे मासेमारीत इंजिन मुख्य झाले आणि शीड मागे पडले.

हौशी व क्रीडा नौकानयनात मात्र आजही शीड मुख्य आणि इंजिन साहाय्यक आहे. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेली 'म्हादेई' ही ५६ फूट लांबीची शिडाची नौका २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यावरून मुंबईहून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले आणि मे २०१० मध्ये परतले. अशी प्रदक्षिणा पूर्ण करणारे ते पहिले भारतीय होत. महासागर शिडावर ओलांडला जातो, पण बंदरातील गर्दीत शिरताना आणि धक्क्याला लागताना इंजिनाचाच आधार घ्यावा लागतो.

इथे पंख्याचे खरे महत्त्व लक्षात येते. शिडाच्या नौकेचे इंजिन दिवसातून थोडाच वेळ चालते, पण बहुधा तोच वेळ कसोटीचा असतो. वारा अचानक पडला, खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, ओहोटीचा ओढ समोरून येत आहे, अशा वेळी इंजिनाने पूर्ण शक्ती दिली नाही तर होडी वाळूवर किंवा खडकावर जाते. म्हणून पंख्याची निवड हा केवळ खर्चाचा प्रश्न नसून होडीवरील माणसांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

पंख्याची भाषा

पंख्याच्या मध्यभागी असलेल्या गाठीवर सहसा आकडे कोरलेले असतात, उदाहरणार्थ १४ × ९ व पुढे उजवा किंवा डावा असा संकेत. यातील पहिला आकडा व्यास होय. पंखा फिरताना पात्यांची टोके जे वर्तुळ काढतात त्याचा हा व्यास. दुसरा आकडा पिच. लाकडात पिळत जाणारा स्क्रू एका फेरीत जेवढा आत शिरतो तेवढे त्याचे पिच. पंखाही पाण्याऐवजी एखाद्या घट्ट पदार्थात फिरला असता, तर एका फेरीत जितके इंच पुढे गेला असता ते त्याचे पिच समजावे.

पाणी घट्ट नसल्यामुळे पंखा प्रत्यक्षात तितका पुढे जात नाही. या तुटीला स्लिप म्हणजे घसर म्हणतात. घसर हा दोष नव्हे. पाणी मागे ढकलले जाते म्हणूनच होडी पुढे जाते. शिडाच्या जड, संथ होड्यांत ही घसर ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास धरली जाते.

तिसरी बाब म्हणजे फिरण्याची दिशा. होडीच्या मागे उभे राहून पुढे पाहिले असता, पुढच्या गिअरमध्ये घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारा पंखा उजव्या हाताचा आणि उलट फिरणारा डाव्या हाताचा. अनेक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची आणि शाफ्टची दिशा वेगवेगळी असते. म्हणून इंजिन न पाहता शाफ्ट कोणीकडे फिरतो तेच पाहावे. चुकीच्या हाताचा पंखा बसविला तर तरफ पुढे ढकलल्यावर होडी मागे जाईल. उजव्या हाताचा पंखा मागच्या गिअरमध्ये होडीची मागची बाजू डावीकडे ओढतो. डाव्या हाताचा उजवीकडे ओढतो. धक्क्याला लागण्याची सवय ज्या ओढीवर बसलेली असते ती दिशेबरोबर बदलते.

पंख्याच्या आकाराबाबतची एक ऐतिहासिक घटना प्रसिद्ध आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ यांनी १८३६ मध्ये स्क्रू प्रोपेलरचे पेटंट घेतले. त्यांचा पहिला पंखा लाकडी असून त्याला स्क्रूप्रमाणे दोन पूर्ण वेढे होते. १८३७ मध्ये कालव्यातील चाचणीत तो आपटून अर्धा तुटला आणि उरलेल्या अर्ध्यावर होडी अधिक वेगाने धावू लागली. पंखा जितका मोठा तितका चांगला, हा समज त्याच दिवशी खोटा ठरला.

बदलण्यापूर्वी काय पाहावे

होडीचा वेग कमी झाला म्हणजे पंखा खराब झाला असे नव्हे. उबदार समुद्रात पंख्यावर आणि तळावर शिंपले व शेवाळ वेगाने चढतात. पात्यांवरील थोडीशी वाढही जोर लक्षणीय कमी करते. म्हणून प्रथम पंखा खरवडून स्वच्छ करावा आणि मगच निर्णय घ्यावा.

स्वच्छ केल्यावर पात्यांच्या कडा पाहाव्यात. कडेची किरकोळ वाकलेली जागा कारागीर सरळ करू शकतो, पिचही इंच-दीड इंचापर्यंत कमीजास्त करता येते. पाते मुळाशी तडकले असेल किंवा धातू आतून कुजला असेल तर मात्र पंखा बदलणेच योग्य. होडी चालताना सतत थरथर होत असेल तर पाती असमान झाली असण्याचा संभव असतो. पण वाकलेला शाफ्ट आणि झिजलेले बेअरिंग यांनीही तशीच थरथर होते, त्यामुळे तेही तपासावेत.

मापे घेणे

आकडे पुसले गेले असतील तर जुन्या पंख्याची मापे घरीही घेता येतात. व्यासासाठी गाठीच्या मध्यापासून एका पात्याच्या टोकापर्यंतचे अंतर मोजून दुप्पट करावे. या रीतीने तीन पात्यांचा पंखाही मोजता येतो.

पिच मोजण्यासाठी पंखा सपाट टेबलावर, पाण्याला मागे ढकलणारी बाजू खाली करून ठेवावा. टेबलावरील कागदावर मध्यापासून त्रिज्येच्या सात-दशांश अंतरावर एक चाप काढावा. व्यास १४ इंच असेल तर हे अंतर ४.९ इंच येते. चापावर मध्याशी ३० अंशांचा कोन करणारे, दोन्ही पात्याखालीच येतील असे दोन बिंदू घ्यावेत. दोन्ही ठिकाणी टेबलापासून पात्याच्या खालच्या पृष्ठभागापर्यंतची उंची मोजावी. दोन उंचींतील फरक गुणिले १२ म्हणजे पिच, कारण ३० अंश हा पूर्ण फेरीचा बारावा भाग आहे. फरक पाऊण इंच आला तर पिच ९ इंच. हीच मोजणी प्रत्येक पात्यावर करावी. पात्यांत मोठा फरक आढळला तर थरथरीचे कारण तेथेच सापडते.

याशिवाय शाफ्टचा व्यास, त्याच्या निमुळत्या टोकाचा उतार आणि चावीचा खाचा हे मोजणे आवश्यक आहे. निमुळतेपणाची दोन प्रमाणे जास्त प्रचारात आहेत, एकास दहा आणि एकास सोळा. दोन्ही दिसायला जवळजवळ सारखी असल्याने येथे फसगत होते. शेवटी पंखा आणि होडीचा तळ यांतील मोकळी जागा पाहावी. पात्याचे टोक आणि तळ यांत व्यासाच्या निदान १० टक्के, शक्य तर १५ टक्के किंवा अधिक अंतर असावे. १४ इंची पंख्याला हे अंतर साधारण दीड ते दोन इंच येते. जागा यापेक्षा कमी असेल तर गणिताने मोठा व्यास सांगितला तरी तो बसविता येत नाही.

व्यास आणि पिचचे गणित

उदाहरणासाठी पाण्याच्या रेषेवर २५ फूट लांब असलेली शिडाची नौका घेऊ. तिला २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. पूर्ण वेगात इंजिनाचे ३००० फेरे होतात आणि गिअरबॉक्सचे प्रमाण दोनास एक आहे. म्हणजे शाफ्टचे मिनिटाला १५०० फेरे.

पहिली पायरी वेगाची. जड तळाच्या होडीचा वेग तिच्या लांबीने बांधलेला असतो. पाण्याच्या रेषेवरील लांबीच्या फुटांचे वर्गमूळ गुणिले १.३४ केले की हा मर्यादावेग नॉटमध्ये मिळतो. २५ चे वर्गमूळ ५, म्हणून मर्यादा ६.७ नॉट. इंजिन दुप्पट केले तरी अशी होडी या मर्यादेपलीकडे फारशी जात नाही, ती स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. निवडीसाठी ६ नॉट हा वेग धरणे व्यवहार्य ठरेल.

दुसरी पायरी पिचची. एक नॉट म्हणजे मिनिटाला सुमारे १०१.३ फूट. ६ नॉट म्हणजे सुमारे ६०८ फूट, अर्थात जवळजवळ ७३०० इंच. यास १५०० फेऱ्यांनी भागले असता दर फेरीस सुमारे ४.९ इंच येतात. घसर ४५ टक्के धरली, तर ही प्रत्यक्ष प्रगती पिचच्या ५५ टक्के आहे. ४.९ भागिले ०.५५ म्हणजे ८.९. पिच ९ इंच घ्यावे.

तिसरी पायरी व्यासाची. नौकारचनाकारांत रूढ असलेल्या एका सूत्रानुसार अश्वशक्तीचा ०.२ घात गुणिले ६३२.७ आणि भागिले शाफ्टच्या फेऱ्यांचा ०.६ घात केला असता तीन पात्यांच्या पंख्याचा व्यास इंचांत मिळतो. येथे उत्तर १४.३ येते. दोन पात्यांसाठी त्यात सुमारे ५ टक्के मिळवितात, म्हणजे १५ इंच. एकंदरीत तीन पात्यांचा १४ × ९ किंवा दोन पात्यांचा १५ × ९ हा पंखा या होडीसाठी प्रारंभिक निवड ठरेल.

याच सूत्राने गिअरबॉक्सचे महत्त्वही कळते. प्रमाण तीनास एक असते तर शाफ्टचे फेरे १००० झाले असते आणि व्यास सुमारे १८ इंच आला असता. मोठा पंखा सावकाश फिरला तर तो जास्त पाणी कमी झटक्याने ढकलतो, म्हणून तो अधिक कार्यक्षम असतो. मात्र तो शिडावर अधिक अडथळा करतो आणि त्याला तळाखाली जागाही जास्त लागते.

मोठा पंखा इंजिनाला का दाबतो, याचे उत्तर एका नियमात आहे. आकार सारखाच ठेवून फेरेही तेवढेच राखले, तर पंख्याला लागणारी शक्ती व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. १४ ऐवजी १५ इंच व्यास घेतला, की व्यासात वाढ फक्त ७ टक्के, पण शक्तीची मागणी सुमारे ४१ टक्के वाढते. इंजिन ती देऊ शकत नाही, त्यामुळे त्याचे फेरे पडतात, धूर काळा होतो, तापमान वाढते आणि डिझेल वाया जाते. म्हणूनच व्यास वाढविल्यास पिच कमी करावे लागते. एक इंच व्यास म्हणजे भाराच्या दृष्टीने दोन ते तीन इंच पिच, असा ढोबळ हिशेब कारागीर धरतात.

शिडावर जाताना होणारा अडथळा

आतापर्यंतचा विचार इंजिनाच्या बाजूने झाला. शिडाच्या बाजूने पाहिले असता स्थिर पंखा म्हणजे पाण्यात धरलेला हात होय. तीन रुंद पाती जोर चांगला देतात, मागच्या गिअरमध्ये होडी लवकर थांबवितात आणि थरथर कमी करतात, परंतु मंद वाऱ्यात होडीचा वेग जाणवण्याइतका खातात. दोन पात्यांचा पंखा उभा करून लांब कीलच्या आड लपविता येतो. त्यासाठी होडीच्या आत शाफ्टवर रंगाची खूण करून ठेवतात. खूण वर आली की पाती उभी आहेत हे समजते.

शिडावर जाताना शाफ्ट अडकवून ठेवावा की मोकळा फिरू द्यावा, यावर खलाशांत जुना वाद आहे. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील मॅकेन्झी आणि फॉरेस्टर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अडकवलेला पंखा मोकळ्या फिरणाऱ्या पंख्यापेक्षा अधिक अडथळा करतो असे दिसून आले. तथापि इंजिन बंद असताना शाफ्ट फिरला तर काही गिअरबॉक्सना पुरेसे वंगण मिळत नाही. त्यामुळे निर्मात्याची पुस्तिका पाहूनच निर्णय घ्यावा.

अडथळा टाळण्यासाठी दोन प्रकारचे खास पंखे मिळतात. घडीच्या पंख्याची पाती शिडावर जाताना फुलाच्या पाकळ्यांप्रमाणे मिटतात. अडथळा सर्वांत कमी होतो, पण मागच्या गिअरमध्ये पाण्याचा दाब पाती मिटवू पाहतो, म्हणून होडी थांबविण्याचा जोर कमी पडतो. दुसऱ्या प्रकारात पाती स्वतःभोवती फिरून पाण्याला धार देतात. त्यांचा मागचा जोर चांगला असतो, पण रचना गुंतागुंतीची असते. दोन्हींची किंमत स्थिर पंख्याच्या कित्येक पट असते आणि त्यांचे सांधे नियमित वंगण मागतात.

मासेमारीची जाळी, तुटक्या दोऱ्या आणि प्लास्टिक ज्या पाण्यात सर्वत्र आढळते, तेथे गुंतागुंतीची यंत्रणा अडकण्याचा धोका विचारात घेणे भाग आहे. शर्यतीऐवजी किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणाऱ्या साध्या नौकेला दोन पात्यांचा स्थिर पंखा बहुधा पुरेसा ठरतो. जिला वारंवार अरुंद, ओढीच्या खाडीत शिरावे लागते तिला तीन पाती हितावह.

धातूची निवड

बाजारात 'मँगनीज ब्राँझ' नावाने मिळणारा धातू वस्तुतः उच्च ताकदीचे पितळ असते, म्हणजे त्यात तांब्याबरोबर जस्त मोठ्या प्रमाणात असते. खाऱ्या पाण्यात विद्युत्‌-रासायनिक क्रियेने त्यातील जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र, ठिसूळ तांबे उरते. पाते गुलाबीसर दिसू लागले की हा रोग लागला असे समजावे. निकेल-अॅल्युमिनियम ब्राँझ महाग, पण याबाबतीत बरेच टिकाऊ. शाफ्टवर जस्ताचा ठोकळा बसविल्यास पंख्याऐवजी तो झिजतो, म्हणून तो वेळोवेळी बदलावा.

पाते टांगून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोकले असता निरोगी धातू घंटेसारखा वाजतो आणि कुजलेला बद्द आवाज देतो. इंदूरच्या विद्यार्थ्यांना राजवाड्यालगतच्या बर्तन बाजारात हा फरक समुद्र न पाहताही समजू शकतो. पितळ, तांबे आणि कांसे यांचा नाद व रंग तेथील दुकानदार रोज पारखत असतात.

बसवणी आणि चाचणी

नवा पंखा प्रथम चावीशिवाय निमुळत्या टोकावर चढवून तो कुठवर जातो तेथे खूण करावी. नंतर चावी घालून पुन्हा चढवावा. खुणेपर्यंत पोहोचला नाही तर गाठ चावीवर टेकली आहे, निमुळत्या भागावर नाही, असे समजावे. असा पंखा वरवर घट्ट वाटला तरी काही दिवसांत सैल होऊन शाफ्ट तोडू शकतो. बसवणी पक्की झाल्यावर दोन नट आणि शेवटी स्प्लिट पिन लावावी.

खरी परीक्षा पाण्यात होते. तळ स्वच्छ असताना, शांत व खोल पाण्यात इंजिन पूर्ण उघडावे. इंजिन निर्मात्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत पोहोचले तर निवड योग्य. फेरे कमी पडले तर पंखा जड आहे, पिच कमी करावे. फेरे मर्यादेपलीकडे जाऊ लागले तर पंखा हलका आहे, पिच वाढवावे. तळ पुढे घाण होणार आणि होडीवर सामान चढणार, हे लक्षात घेऊन किंचित हलका पंखा पसंत करणे शहाणपणाचे. फेरे मोजणारे यंत्र बरोबर दाखवीत आहे ना, हे मात्र आधी तपासावे, अन्यथा सगळी चाचणी व्यर्थ जाते.

अध्यापनातील उपयोग

एक जुना, तुटका पंखा वर्गात ठेवला तर अनेक विषय त्याभोवती शिकविता येतात. गणितात वर्तुळ, कोन, प्रमाण आणि घातांक. भौतिकशास्त्रात क्रिया-प्रतिक्रिया, शक्ती आणि कार्यक्षमता. रसायनशास्त्रात मिश्रधातू व गंज. यांत्रिकीत निमुळती जोडणी. समुद्रकिनारा नसलेल्या ठिकाणी नर्मदेतील इंजिनाच्या नावेचा पंखा, एवढेच नव्हे तर छताचा पंखाही पिच मोजण्याच्या प्रात्यक्षिकासाठी चालतो. विद्यार्थ्यांनी गणिताने आधी अंदाज बांधावा आणि मग कोरलेल्या आकड्यांशी ताडून पाहावा, हा क्रम विशेष उपयुक्त ठरेल.

समारोप

बदली पंखा निवडताना प्रथम जुना पंखा खरोखर निकामी आहे का हे ठरवावे. मग व्यास, पिच, दिशा, शाफ्ट आणि मोकळी जागा मोजावी. इंजिनाच्या शक्तीवरून व फेऱ्यांवरून हिशेब करावा. शिडावर किती जायचे आणि कोणत्या पाण्यात शिरायचे यावरून पात्यांची संख्या व प्रकार निवडावा. अंतिम निकाल मात्र पूर्ण उघडलेल्या इंजिनाचे फेरे देतात. दुकानदाराचा सल्ला आणि जुन्या पंख्यावरील आकडे ही सुरुवात आहे, मोजमाप आणि चाचणी हा आधार आहे. खाडीच्या मुखाशी वारा पडल्यावर होडी सुखरूप आत येईल की नाही, हे याच मोजमापावर बरेचसे अवलंबून असते.